तिसऱ्या पिंजऱ्यातले पाच

तीन पिंजरे, प्रत्येकात सहा उंदीर. पहिल्या पिंजऱ्याला नुसतं पाणी दिलेलं; सहाही जिवंत. दुसऱ्याला यकृत आणि किडन्या पोखरणारं विष, पाच मेलेले. तिसऱ्याला आधी जिनसेंग या औषधी मुळीचा अर्क, मग तेच विष. तिथेही पाच मेलेले.

पशुवैद्य मॅडमनी पुन्हा मोजलं. आकडा तोच. याआधी दोनदा हा प्रयोग झाला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या पिंजऱ्यातले पाच जगले होते. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. पण हातमोज्यांत बोटं घामेजली होती, एवढंच जाणवत होतं.

"त्यात मोजायचं काय?" विभागप्रमुख सर दारातूनच म्हणाले. "ही धांदरट! तिसऱ्या पिंजऱ्याला विष जास्त गेलं हिच्या हातून. हिला काढून टाकायचं पत्र संध्याकाळी वर जाईल. तुमचा शेरा तेवढा द्या."

धांदरट म्हणजे सरांची विद्यार्थिनी. कित्येक वर्षं या खोलीत खपलेली. ती भिंतीला टेकून उभी होती. रडून झालं असावं.

मॅडमनी विषाची बाटली उजेडात धरली, खुणा वाचल्या. "जेवढं उरायला हवं, तेवढंच उरलंय. जास्त गेलेलं नाही." त्या विद्यार्थिनीकडे वळल्या. "अर्क पाजताना काही वेगळं वाटलं?"

"नाही मॅडम. उलट सोपं गेलं."

"सोपं कसं?"

"एरवी बाटली हलवली की फेस बसेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. या खेपेला लगेच सिरिंज भरली. म्हटलं, चला, चहा वाचला."

"ऐका!" सर म्हणाले. "हिचं लक्ष चहात."

मॅडमनी फ्रिजमधून अर्काची बाटली काढली. रंग नेहमीसारखा तपकिरी. जोरात हलवली. दोन-चार बुडबुडे आले आणि विरले.

"फ्रिजची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," विद्यार्थिनी म्हणाली. "आणि सरांकडे."

"मग झालं तर," सर म्हणाले. "हिनंच काहीतरी घोळ घातला."

"नाही सर." मॅडमचा आवाज सपाट होता. "जिनसेंगमधली जी सॅपोनिनं यकृत आणि किडन्या सांभाळतात, तीच साबणासारखी फेसाळतात. या बाटलीत ती नाहीत. कुणीतरी अर्क काढून घेतला आणि बहुधा जळक्या साखरेचं पाणी भरून ठेवलं. रंग बेमालूम जुळवला, फेस विसरला. ही विसरली नसती, हिला रोज तो बसायची वाट बघावी लागते. आणि हिनंच केलं असतं, तर फेसाचं आपणहून बोलली नसती. जवळ किल्ली आहे, पण स्वतः सिरिंज भरून जमाना झालाय, असा माणूस इथे एकच आहे."

त्यांनी बाटली सरांपुढे ठेवली.

"कुणासाठी नेलात?" मॅडमनी विचारलं.

सर स्टुलावर बसले. "बायकोसाठी. आधी यकृत गेलं, आता किडन्या. डॉक्टरांनी हात टेकले. आणि इथे रोज उंदीर टुणटुणीत फिरताना दिसायचे."

"उंदरांना अर्क विषाच्या आधी देतात. नंतर नाही."

"माहीत आहे. ते मीच ठरवलंय."

"आणि खापर हिच्या डोक्यावर?"

"पाच मेलेले बघितले. दुसरं काही सुचलं नाही." सरांनी फोन काढला, पत्राचा मसुदा दोघींना दाखवला आणि पुसून टाकला. "आज वर मी माझंच सांगतो."

मग त्यांनी कोटाच्या खिशातून रक्ताची बारीक नळी काढून विद्यार्थिनीपुढे धरली. "तिचं आहे. सकाळचं. दवाखान्याचा रिपोर्ट उद्या येईल. तू यंत्रावर लाव. तुझा हात चुकत नाही."

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी होकारार्थी मान हलवली. तिनं नवे हातमोजे चढवले, नळी यंत्रात ठेवली. किडन्या जितक्या खालावतात, तितकं रक्तातलं क्रिएटिनिन चढत जातं; तेच मोजायचं होतं.

"क्रिएटिनिन मागच्या वेळी किती होतं, सर?"

"सात पूर्णांक दोन."

यंत्र थांबलं. तिनं पडद्यावरचा आकडा वाचला.

"सात पूर्णांक नऊ."