शुक्रवारची न्याहारी

कॉरिन साबोची गाडी सुरू होईना, तेव्हा कॉलेजच्या मैदानाबाहेर दुसरी एकच गाडी उरली होती. नोव्हेंबरची संध्याकाळ. आभाळातून जे पडत होतं ते धड पाऊस नव्हतं, धड बर्फही नव्हतं. दुसऱ्या गाडीतून एक उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस उतरला, काही न विचारता त्याने वायरी काढल्या आणि आपली बॅटरी तिच्या बॅटरीला जोडली.

"टोलेडो ना तुम्ही?" त्याने विचारलं.

"आणि तुम्ही फोर्ट वेन. शत्रूची बॅटरी भरताय... कळलं तर साहेब ओरडतील."

"शत्रू गोठून गेला तर मग मी भांडू कुणाशी?" तो म्हणाला आणि त्याने आपल्या गाडीचं दार उघडून धरलं. आत ऊब होती. कॉरिन बसली, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला.

त्याचं नाव एमेट ड्रिस्कल. दोघंही स्काउट, म्हणजे कॉलेजांच्या मैदानांवर हिंडून आपापल्या व्यावसायिक संघासाठी अमेरिकन फुटबॉलची पोरं हेरणारी. दोघंही त्या दिवशी एकाच पोरासाठी आली होती. केलब ओडम, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा. हात असा, की चेंडू फेकल्यावर बघणाऱ्याने श्वास धरावा. पण त्याच्याबद्दल दोघांनी चकार शब्द काढला नाही. स्काउट मंडळी एकमेकांना सगळं सांगतात, कुठल्या मोटेलात गरम पाणी येत नाही, कंबरदुखीवर काय लावावं... पण अमुक पोरगा आपला संघ घेणार की नाही, हे सख्ख्या बायकोलाही सांगत नाहीत. उलट वसंतात निवड जवळ आली, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातला एकेक पोरगा उचलायचे दिवस आले, की सगळे धूर सोडायला लागतात. हवा असेल त्याला नावं ठेवायची, नको असेल त्याचे गोडवे गायचे. त्या धंद्यात सरळ बोलणारा माणूस दिसला, की त्याचाच जास्त संशय येतो.

हिवाळाभर ती दोघं भेटत राहिली. तीच मोटेलं, तेच थंडगार लोखंडी बाक. तो तिच्यासाठी बिनसाखरेची कॉफी आणून ठेवी, ती त्याच्यासाठी वाऱ्याच्या आडोशाची जागा धरून ठेवी. चाळिशीला टेकलेल्या, अर्धं आयुष्य हमरस्त्यावर काढलेल्या बाईला प्रेम वगैरे सुचण्याइतकं त्राण नसतं, असं कॉरिनला वाटायचं. तरी एखाद्या मैदानावर तो दिसला नाही की सबंध दिवस तिला उगाच लांबल्यासारखा वाटे.

केलबबद्दल मात्र तिला काळजी होती. मार खायला लागल्यापासून तो पोरगा लांबच्या साथीदारांकडे बघायच्या आधी अंगावर धावून येणाऱ्यांकडे बघू लागला होता. त्याला वर्षभर बाकावर बसवायला हवं होतं, संघातल्या जुन्या क्वार्टरबॅकच्या मागे, निवांत. आणि टोलेडोत त्याचं रक्षण करणारी पाच माणसांची फळी म्हणजे नुसती चाळण. तीन वर्षांपूर्वी टोलेडोने असाच एक पोरगा पहिल्या फेरीत घेतला आणि पहिल्याच रविवारच्या सामन्यात मैदानात उभा केला. दुसऱ्या हिवाळ्यात कुणाच्या हातून ताटली पडली तरी तो दचकायचा. संघाने काढल्यावर त्याला विमानतळावर सोडायला कॉरिनच गेली होती. विमानतळाची ती फेरी तिला पुन्हा नको होती.

म्हणून तिने साहेबांना, गस पेट्राकिसना, सांगितलं होतं की गुरुवारच्या पहिल्या फेरीत फळीसाठी एक दांडगा गडी घ्या, आणि केलबला शुक्रवारी संध्याकाळी, दुसऱ्या फेरीत.

"आणि मधल्या मध्ये फोर्ट वेनने उचलला तर?" पेट्राकिस म्हणाले होते. "त्यांची पाळी आपल्या पाठोपाठ आहे. पोरगा हातचा गेला तर माझी खुर्ची जाईल, आणि तुझीही, हे धरून चाल."

एप्रिलमध्ये केलबची शेवटची चाचणी झाली. गाड्यांपाशी एमेट थांबला होता. किल्ल्या या हातातून त्या हातात करत.

"निवडीनंतर... शुक्रवारी सकाळी डिफायन्स गावात न्याहारीला येशील? तुझ्या-माझ्या बरोब्बर मध्ये पडतं." तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता.

"येईन," ती म्हणाली. विचार न करता.

विचार आला तो घरी जाताना, अर्ध्या वाटेत. पहिल्या फेरीत निवडलेला पोरगा शुक्रवारी सकाळीच आईला घेऊन विमानाने येतो, आणि वर्षभर त्याच्या मागे फिरलेल्या स्काउटनेच त्याला आणायला जायचं, हा सगळ्या संघांचा शिरस्ता. केलबच्या मागे फिरलेला स्काउट एमेट होता. शुक्रवारी सकाळी तो न्याहारी करणार असेल, तर फोर्ट वेन केलबला घेणार नव्हतं.

की हासुद्धा धूर होता?

कॉरिनला स्वतःचाच राग आला. एका माणसाने बिचकत न्याहारीला बोलावलं, आणि आपण त्यातून बातमी काढत बसलोय. इतकं कसं वाळून गेलो आपण?

गुरुवारी संध्याकाळी टोलेडोची पाळी आली. पेट्राकिसनी भरल्या खोलीत तिच्याकडे वळून विचारलं, "तू आणि ड्रिस्कल भेटता, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. फोर्ट वेन काय करणार?"

एक वाक्य पुरलं असतं. तिची नोकरी त्या वाक्यावर तरली असती.

"मला माहीत नाही," कॉरिन म्हणाली.

"विचारलं नाहीस?"

"नाही. विचारणारही नाही. पोराबद्दल विचारा. आज घेतला तर मालक त्याला मोसम सुरू होताच, सप्टेंबरातच उभा करायला लावतील. उद्या घेतला तर कुणाला घाई नसेल. एवढंच मी सांगू शकते."

पेट्राकिसनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग त्यांनी दांडग्या गड्याचं नाव दिलं.

थोड्याच वेळात फोर्ट वेनची पाळी आली. नाव पुकारलं गेलं, जॉर्जियाच्या एका बचावपटूचं. खोलीत सगळ्यांनी सुस्कारे सोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला लाज वाटली, कारण तिच्या मनात आधी केलब आला नव्हता. एमेट खोटं बोलला नाही, एवढंच आलं होतं.

रात्र सरली तरी केलबचं नाव कुणीच घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी डिफायन्सच्या एका छोट्या हॉटेलात एमेट तिच्या आधीच येऊन बसला होता. समोर तिची कॉफी, बिनसाखरेची. डोळे झोपेविना लाल.

"विमानतळावर नाही गेलास?"

"जॉर्जियाचा पोरगा माझा नाही." त्याने चमचा उगाच फिरवला. "मी शुक्रवार म्हणालो... तुला कळलं होतं ना?"

"घरी जाताना."

"मलाही तेव्हाच कळलं. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन बसलो. म्हटलं फोन करावा, रविवार ठरवावा..."

"मग?"

"दमलोय मी, कॉरिन. इतकी वर्षं धूर सोडतोय. वाटलं, निदान तुझ्याशी बोललेलं एक वाक्य खरं राहू दे." तो थांबला. "तू सांगितलंस त्यांना?"

"साहेबांनी विचारलं. सगळ्यांसमोर."

"आणि?"

"मला माहीत नाही, म्हणाले."

मग हळूच, टेबलावरून हात पुढे करून, त्याने तिची बोटं धरली. "चुकलंच माझं. तुला नोव्हेंबरातच, पहिल्या फेरीत उचलायला हवं होतं."

"नोव्हेंबरात मोडले असते मी," ती म्हणाली. "इतकी थकले होते."

बाहेर ऊन पडलं होतं. तिला संध्याकाळच्या आत टोलेडो गाठायचं होतं, केलबचं नाव द्यायला. ती किल्ली घेऊन उठली.

"त्याला वर्षभर बसव," एमेट म्हणाला. "मला नको बसवूस."

कॉरिनने घड्याळाकडे पाहिलं. किल्ली टेबलावर ठेवली आणि ती पुन्हा बसली.