टाकीवरचं भाषण

"कट! कट! जयंत, पोटावरची उशी सरकली!" अलकनंदा ओरडली.

दिल्लीत मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. सुट्टीत अलकनंदा फोनवर पाच मिनिटांचा विडंबनपट काढत होती. विषय होता सोसायटीचे सेक्रेटरी भालचंद्रकाका आणि त्यांच्या नोटिसा! काका झाला होता शेजारचा जयंत. संवाद लिहिले होते सोसायटीतच राहणाऱ्या वर्गमैत्रीण प्रभानं.

थट्टेमागे राग होता. सोसायटीतल्या सहा मुलांना कावीळ झाली होती. काकांनी लगेच नोटीस लावली : 'रोगराई कामवाल्या बायकांमुळे. त्यांना प्रवेश बंद!' अलकनंदाच्या घरी नऊ वर्षं काम करणाऱ्या विमलादीदीला गेटवरूनच परत पाठवलं. आईनं एक शब्द काढला नाही.

"ॲक्शन!"

जयंत पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला आणि घोगऱ्या आवाजात गरजला, "बंधुभगिनींनो! माझ्या परवानगीशिवाय इथे डाससुद्धा चावत नाही! ही टाकी मी जातीनं..."

तो थांबला. त्यानं नाक दाबलं.

"डायलॉग विसरलास?"

"नाही यार! झाकण फुटलंय. आत कबुतरं मरून पडलीत. दोन!"

प्रभा शिडीपाशी धावली. "याच पाण्यानं आपण दात घासतो?"

अलकनंदानं शूटिंग थांबवलं नाही; फोन घेऊन ती शिडी चढून वर गेली. टाकीवर रंगवलेली सफाईची तारीखही तिनं टिपली. दोन वर्षांपूर्वीची!

"चल, आईला सांगू," जयंत म्हणाला.

"थांब!" प्रभा म्हणाली. "काकांना कळलं तर तासाभरात सगळं धुऊन टाकतील. संध्याकाळी सोसायटीची मीटिंग आहे ना? तिथेच दाखवू. तोवर घरी कोणाला नळाचं पाणी पिऊ द्यायचं नाही."

तिघं काकांकडे गेले. "काका, आम्ही स्वच्छतेवर फिल्म केलीय. तुम्हीच हीरो आहात!"

"अरे वा! बिल्कुल दाखवू!" काका खुलले.

संध्याकाळी पडद्यावर उशीचं पोट डुलायला लागलं, तसा हशा पिकला. काकाही हसले. मग कबुतरं दिसली. माणसं खुर्च्यांवरून उठली!

"ही कॅमेऱ्याची करामत आहे!" काका किंचाळले.

"मग चला ना वर!" प्रभा म्हणाली.

निवृत्त अधिकारी राजाभाऊ स्वतः वर जाऊन आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शाब्बास पोरांनो! आज तुम्ही आम्हाला वाचवलंत." भालचंद्रकाकांना तिथल्या तिथे राजीनामा द्यावा लागला. टाळ्या थांबेनात.

"आणि विमलादीदी?" अलकनंदानं विचारलं.

टाळ्या थांबल्या. "हां हां, येऊ देत त्यांना उद्यापासून," मागून कोणीतरी म्हणालं. मेहेरबानी केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन अलकनंदा जवळच्या चिल्ला गावातल्या दीदीच्या खोलीवर गेली. "विमला, कल से आ जाओ," आई म्हणाली.

दीदीनं आधी फिल्म पाहिली. जयंतच्या भाषणाला ती किंचित हसली. मग तिनं फोन परत दिला.

"अच्छी बनाई, बिटिया." मग ती आईकडे वळली. "नौ साल आपके बच्चों को खाना खिलाया, भाभीजी. उस दिन गेट पर आप खड़ी थीं. मैं नहीं आऊँगी."

आईनं मान खाली घातली.

परतताना आई हळूच म्हणाली, "अलक, मला तुझा फार अभिमान वाटतो गं."

अलकनंदानं आईचा हात सोडला. ती पुढे चालू लागली.