आठ महिन्यांचा ढळ

शलाका सुतार नोकरीच्या शेवटच्या चाचणीत नापास झाली, आणि जिच्याशी तुलना करून तिला नापास केलं तीही शलाका सुतारच होती. मिरजेच्या जुळणी केंद्रातल्या पडद्यावर आकडा होता एकोणऐंशी. लागत होते चौऱ्याण्णव.

“मशीन चुकलं असेल,” शलाका म्हणाली.

“तीनदा लावलं.” डॉ. समीना मुजावरांनी पडदा तिच्याकडे वळवला. “मशीन बरोबर आहे. तुम्ही बदललात.”

“आठ महिन्यांत माणूस असा किती बदलणार हो?”

शलाकाच्या वडिलांना जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि ते समोरच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं.

परदेशी नोकरीसाठी मुलाखती द्यायची पद्धत एव्हाना मोडीत निघाली होती. मुलाखतीत कुणीही गोड बोलतो आणि महिन्याभरात खरे रंग दाखवतो. मालक लोक याला कंटाळले होते. म्हणून अर्जासोबत आता पूर्वप्रत जायची. डोक्याला टोप चढवून चार तास पडून राहायचं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत त्याचा नकाशा निघतो, आणि तो संगणकात चालवला की तिकडे तुम्ही जागे होता. तुमच्यासारखं दुसरं कुणी नव्हे, तुम्हीच. तुमची हुशारी, तुमचा आळस, आईच्या हातच्या आमटीची आठवण, सगळं तिथे असतं. नसतं ते फक्त अंग. ही पूर्वप्रत तुमच्या आधी परदेशी कामाला लागते, खोट्या रुग्णांवर नाहीतर खोट्या गिऱ्हाइकांवर आपली करामत दाखवते, आणि पसंत पडली की नोकरी तुमच्या नावावर होते. मग तुम्ही सदेह जायचं. पोचलात की पूर्वप्रतीच्या आठवणी तुमच्या डोक्यात उतरवतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून काम येतं. याला म्हणत भरणी. भरणी झाली की पूर्वप्रत बंद.

यात मेख एकच होती. पूर्वप्रत निघाल्या दिवसापासून ती तिकडे जगत असते आणि तुम्ही इकडे. भिंतीवरची दोन घड्याळं एका वेळी लावली तरी वर्षभरात त्यांच्यात पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, तशी दोन मनं एकमेकांपासून सरकत जातात. या सरकण्याला ढळ म्हणत. ढळ फार झाला तर भरणी बसत नाही, आणि मालकालाही त्यानं पसंत केलेलं माणूस मिळत नाही. त्यामुळे देश सोडायच्या किती आधी अर्ज करावा, हा प्रश्न घरोघरी चघळला जायचा. जाणकार सांगत, तीन महिने. त्याहून उशीर केला तर पारख पुरी होत नाही, आणि घाई केली तर ढळ नडतो. शलाकानं आठ महिने आधी केला होता.

तो करायला लावला होता तिच्या वडिलांनी.

सुहास सुतारांचं उभं आयुष्य तानपुरे करण्यात गेलं. तानपुऱ्याचा भोपळा वेलीवरून उतरवला की लगेच कापत नाहीत. तो महिनोन् महिने टांगून ठेवतात, आणि हाडासारखा कडक झाला की मगच त्याला करवत लावतात. जगातली प्रत्येक गोष्ट याच मापानं मोजायची त्यांना सवय होती. शलाकाच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी वर्षभर आधी छापून घेतल्या होत्या, आणि मग तारीख बदलली म्हणून हातानं खोडत बसले होते.

“तीन महिने?” ते म्हणाले होते. “तीन महिन्यात भोपळा पन वाळत न्हाई. आत्ताच टाक अर्ज. तुझी ती पूर्वप्रत तिकडं चांगली मुरू दे.”

त्यांना घाई होती ती नातीसाठी. शलाकाची मुलगी जन्मतः बहिरी. नाव ठेवलं तेव्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं, म्हणून नाव राहिलं मैना. शलाका स्वतः श्रवणतज्ज्ञ होती; ऑपरेशन करून कानात बसवलेली यंत्रं मुलांना जुळवून द्यायची, हे तिचं रोजचं काम. पण मैनाला चालेल असं यंत्र उत्तरेकडच्या हाल्विक शहरातल्या श्रवणकेंद्रातच बसवत, आणि तेही तिथल्या नोकरदारांच्या मुलांना. पूर्वप्रतीचं काम पसंत पडलं तसं शलाकाचा नवरा अभिराम मैनाला घेऊन पुढे गेला. उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. डावा कान आई रुजू झाल्यावर, आणि पुढची दोन वर्षं यंत्राची देखभाल. शलाकाची नोकरी गेली तर हे सगळं तिथेच थांबणार होतं.

“नवी पूर्वप्रत काढू,” शलाका म्हणाली.

“दीड वर्षाची रांग आहे. मैनाचा तिथे राहायचा परवाना पुढच्या महिन्यात संपतो.” मुजावर मॅडमनी चष्मा काढला. “तुमचा ढळ दोन ठिकाणी आहे. एक दुःखाचा, तो मी समजू शकते. दुसरा मला कळत नाही. तुमचा कान बदललाय. पूर्वप्रत ज्या आवाजाला खरखर म्हणून बाजूला काढते, त्यालाच तुम्ही गोड म्हणताय.”

शलाका बऱ्याच दिवसांनी हसली. “ती जवारी आहे, मॅडम.”

आणि तिनं सांगितलं. तानपुऱ्याच्या तारा घोडीवर टेकतात, तिथला माथा कानशीनं केसभर उतरता करायचा. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो हळूहळू सरकवायचा. एका जागी तार अचानक गुणगुणायला लागते, एका सुरातून दहा सूर निघतात. ती जवारी. सुहासरावांनी मुलीला ती कधीच शिकवली नाही. “यात पोट भरत न्हाई, तू कान तपासायला शीक,” असं म्हणून कानशीला हात लावू दिला नव्हता. पण लाकडाच्या भुश्शानं त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. अर्ज गेल्यावर महिन्याभरात ते अंथरुणाला टेकले, हातातली कानस गळून पडायला लागली, तेव्हा त्यांनी ती उचलून शलाकाच्या हातात दिली. चार महिने रोज दुपारी ते भोपळ्यावर तळवा ठेवून, डोळे मिटून बसायचे. “अजून.” “थांब.” “गेलं, गेलं! बहिरी हायस काय? परत कर.” मैनासाठी केलेल्या लहानशा तानपुरीची जवारी लागली त्या दिवशी ते खेकसले नाहीत. तळवा भोपळ्यावर तसाच ठेवून म्हणाले, “आता मी नसलो तरी चालतंय.” आठ दिवसांनी ते गेले.

मुजावर मॅडम ऐकत राहिल्या. मग त्यांनी उपाय सांगितला, आणि सांगताना त्यांचाच आवाज उतरला. त्याला समतलन म्हणत. ढळलेले आठ महिने मेंदूतून रिकामे करायचे आणि त्या जागी पूर्वप्रतीचे आठ महिने बसवायचे. पोकळी जाणवत नाही. एक काळ जातो, दुसरा येतो.

“आणि बाबा?”

“तुमच्यापुरते ते असतील. उमेदवारीचं वर्ष पुरं झालं की घरच्यांना सांगायची परवानगी आहे.”

“म्हणजे वर्षानं मला कुणीतरी सांगणार, तुझे वडील गेले. बातमी सांगितल्यासारखं.”

“हो.”

“आणि माझे हात? ते पण विसरणार?”

“हात नाही विसरत. हाताची कामं मेंदूत वेगळ्या जागी साठतात, तिथवर समतलन पोचत नाही. फक्त ती कुणी शिकवली, ते राहणार नाही.”

शलाका घरी आली तो रविवार होता. दर रविवारी अकरा वाजता पूर्वप्रतीला घरी फोन करू देत. तिला वाईट बातमी मात्र द्यायची नाही, कामावर परिणाम होतो, असा करार होता. आई फोन घेऊन खिडकीशी बसली होती. शलाका दाराआडच थांबली. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायची तिला अजून सवय झाली नव्हती. तो आवाज फार मोकळा होता.

“बाबा कुठायत?” आवाजानं विचारलं.

“झोपल्यात गं.”

“अकराला?”

“रात्री खोकला हुता. जरा दमल्यात.”

“दर रविवारी झोपलेलेच असतात! बरं, ती निघाली का? तिला म्हणावं ये लवकर.”

फोन बंद करून आईनं तो उपडा ठेवला. दारात उभ्या शलाकाला बघून ती म्हणाली, “सहा रविवार हेच करतीया मी. पहिल्यांदा जीभच वळंना. आता वळतीया.”

शलाकानं केंद्रात झालेलं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “मी जात नाही. मैनाला परत आणू.”

“आनि तिच्या कानाचं?”

शलाका दारातच खाली बसली.

“परवा तिनं मला फोनवर आज्जी म्हणून हाक मारली. पाच वर्षांत पहिल्यांदा.” आई भिंतीवर टांगलेल्या भोपळ्यांकडे बघत होती. “तुझ्या बाबांनी अर्ज लवकर टाकायला लावला तो कशासाठी?”

“म्हणून मी त्यांना विसरू? आई, पंचवीस वर्षं मी त्यांच्या मागं लागले होते. चार महिने मिळाले. तेवढेच मिळाले गं मला.”

“मला आठवतंय की सगळं. त्यांनी खेकसल्यालं, तू रडत घासल्यालं, शेवटच्या दिवशी तू पेज भरवल्यालीस. मी ठेवते माझ्यापाशी. तू जा.”

“मग तू रडणार कुणापुढं?”

दूध उतू जाईल म्हणून आई उठून आत गेली. चुलीवर दूध नव्हतंच.

महिन्याच्या आत शलाका हाल्विकला पोचली. विमानतळावर मैनाला छातीशी धरून ती एवढी रडली की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले, आणि अभिरामनं तिला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी समतलन होतं. टोप चढवताना तिनं एकच गोष्ट मनात घट्ट धरली, भोपळ्यावर टेकलेला बाबांचा तळवा. धरून काही उपयोग नाही हे तिला माहीत होतं. तरी तिनं सोडली नाही.

जुळणी सत्त्याण्णव आली. भरणी सुरळीत झाली.

चार दिवसांनी, लख्ख दुपारी, शलाका नव्या घरात सामान लावत होती. बरं वाटत होतं तिला, हलकं वाटत होतं. केंद्रातली माणसं ओळखीची होती, कामात कुठे अडलं नव्हतं. पेटीच्या तळाशी जाड कापडात गुंडाळलेली लहान तानपुरी निघाली.

“अरे, ही कधी केली बाबांनी?” ती म्हणाली. “मला बोलले पण नाहीत.”

प्रवासात तारा सैल झाल्या होत्या, दोरे जागचे हलले होते. तिनं खुंट्या पिळल्या, आणि बोलता बोलताच तिच्या बोटांनी तारेखालचा दोरा चिमटीत धरून किंचित पुढे सरकवला, किंचित मागे घेतला. तार गुणगुणायला लागली. घर भरून गेलं.

शलाका आपल्या बोटांकडे बघत राहिली. “लहानपणी बघून बघून आलं असेल. बाबांनी तर कधी हातसुद्धा लावू दिला नाही,” ती हसून म्हणाली.

अभिराम उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं नळ पुरा सोडला.

मैना जवळ आली. तिनं भोपळ्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, मान कलती केली. “गाणं,” ती म्हणाली. तिला असं बसायला कुणी शिकवलं नव्हतं. ते बघताना शलाकाचे डोळे वाहायला लागले. ते पुसत ती स्वतःशीच म्हणाली, हवा कोरडी आहे इथली. मग तिनं मिरजेला फोन लावला.

“आई, मैनाला तानपुरी ऐकू आली! बाबांना दे ना. त्यांना म्हणावं, अशी जवारी त्यांनी आयुष्यात लावली नाही. ही त्यांची सगळ्यात चांगली.”



“झोपल्यात गं,” आई म्हणाली. “उठलं की सांगते.”

“झोपाळू झालेत अगदी! नक्की सांग. उद्या परत करते.”

“कर. रोज कर.” आईचा आवाज घोगरा झाला होता. सर्दी झाली असेल, असं शलाकाला वाटलं.

संध्याकाळी सांगलीच्या मावसबहिणीचा निरोप आला. तिच्याही नवऱ्याचं परदेशी जायचं चाललं होतं. घरात वाद होता, नोकरीचा अर्ज आत्ताच टाकावा की निघायच्या तीन महिने आधी. कुणी म्हणतं घाई करू नका, ढळ होतो. शलाकाताई, तुझं काय मत?

मैना अजून तानपुरीपाशीच बसली होती. तिच्याकडे बघत शलाकानं उत्तर लिहिलं:

“जेवढ्या लवकर टाकता येईल तेवढ्या लवकर टाका. मी आठ महिने आधी टाकला, आमच्या बाबांचं ऐकून. लोक उगाच घाबरवतात गं. मला तर काहीसुद्धा गमवावं लागलं नाही.”