लाल वॉर्डाचा सत्कार

धामणसर नगरपरिषदेची प्रयोगशाळा म्हणजे पाण्याच्या टाकीखालची एक खोली. पूर्वी तिथे ब्लीचिंग पावडरची पोती असत. आता तिथे सांडपाणी तपासणाऱ्या नालीवाचक यंत्राचा पडदा होता, आणि पोत्यांचा वास तेवढा मागे राहिला होता. पडद्यावरच्या नकाशात गावातले सगळे वॉर्ड हिरवेगार दिसत होते.

नगराध्यक्षा रत्नमालाताई काळमेघ पेढ्यांचा पुडा घेऊनच आत शिरल्या. "आज अर्ज धाडूनच टाका, डॉक्टर. गावात क्षयाचा एक पेशंट राहिला नाई."

नगरपरिषदेच्या आरोग्य अधिकारी डॉ. शर्वरी तायडे यांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

अर्ज 'आरोग्यनगर सन्माना'चा होता. सन्मान मिळाला की गावाला छातीच्या रोगांचा स्वतंत्र दवाखाना मिळणार होता. रत्नमालाताईंना हार-तुऱ्यांची हौस होती, ती कोणत्या नगराध्यक्षाला नसते? पण दवाखाना त्यांना मनापासून हवा होता. त्यांचे यजमान क्षयाने गेले, तेही जिल्ह्याच्या गावी नेताना गाडीतच.

"डॉ. बोरकुटे," शर्वरीने विचारलं, "तुमचं यंत्र जंतू मोजतं की औषध?"

हेमंत बोरकुटे नालीवाचकाचे जनक. अर्जातल्या आकड्यांवर सही करायला ते नागपूरहून आले होते. "औषध. क्षयाचे जंतू सांडपाण्यात फार विरळ मिळतात, त्यांचा काही भरवसा नाही. पण पेशंटने गोळी घेतली की ती लघवीतून उतरतेच. लघवी केशरी होते ना, ते त्यामुळेच. वॉर्डाच्या नालीत औषध किती आहे ते पाहायचं, त्यावरून पेशंट किती ते काढायचं. कुणाच्या घरात डोकवायला नको, कुणाचं नाव विचारायला नको. औषध दिसलं की वॉर्ड लाल, नाही दिसलं की हिरवा."

"म्हणजे औषध नाही, तर पेशंट नाही?"

"अर्थात."

"किंवा पेशंट आहेत तेवढेच आहेत आणि गोळी कुणीच घेत नाही."

बोरकुट्यांचा पेढा तोंडापाशी थांबला.

"कित्येकांचा उपचार मी दिवाळीनंतर सुरू केलाय," शर्वरी म्हणाली. "निदान सहा महिने गोळ्या चालायला हव्यात, आणि आत्ता कुठे संक्रांत झाली. दवाखान्यातून गोळ्या वेळेवर नेल्या जातात. नालीत मात्र उतरत नाहीत. मग जातात कुठे?"

उत्तर तिघांनाही कळलं होतं. मुख्य चौकात नकाशाची भलीमोठी पाटी लावायची आणि हिरव्या वॉर्डाचा सत्कार करायचा, ही कल्पना रत्नमालाताईंचीच. वॉर्डावॉर्डात चुरस लागली. लाल वॉर्डातले लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागले, आपली पाटी कोण नासवतंय म्हणून. घरोघरच्या खोकणाऱ्यांनी गोळ्या आणल्या आणि गुपचूप डब्यात ठेवून दिल्या. आपल्यामुळे गल्लीची मान खाली नको.

"हे म्याच केलं," रत्नमालाताई म्हणाल्या. त्यांनी पेढ्यांचा पुडा बंद केला.

पण ही बाई फार वेळ खचून बसणारी नव्हती. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मंग उलटं करू. लाल वॉर्डाचा सत्कार! लाल म्हणजे औषध घेणारे इमानदार लोक. अर्जातही तसंच लिहू."

"ताई, सत्कारच नको," शर्वरी म्हणाली. "मी घरोघरी जाते. समोर बसून गोळी देते."

"किती घरी जाल तुमी? चार नर्स हायेत तुमच्यापाशी. अन् सत्काराबिगर हलते का आपलं गाव?"

घरोघरी जायचं राहून गेलं.

युक्ती मात्र लागू पडली. होळीच्या सुमारास चौकातली पाटी लालभडक झाली, आणि सगळ्यांत गडद लाल झाला वॉर्ड सहा, खुद्द रत्नमालाताईंचा. बँड वाजला, हार पडले. ज्यांनी खोकला लपवला होता तेच लोक छाती काढून फोटोला उभे राहिले. शर्वरीने बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं आणि नव्या अर्जावर सही केली. आता बोरकुट्यांची सही तेवढी बाकी होती.

ते आले ते एक नवी चाळणी घेऊन. शर्वरीचा तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. "गोळी पोटात गेली की यकृत तिचा एक तुकडा तोडतं," ते नालीचा नमुना चाळणीत ओतताना म्हणाले. "त्या मोडक्या औषधाला मी यकृतखूण म्हणतो. खूण सापडली म्हणजे गोळी माणसातून गेली, एवढं नक्की."

पडद्यावर नकाशा पुन्हा उमटला, आता फक्त यकृतखुणेचा. दोन-तीन वॉर्डांत जेमतेम गुलाबी रंग आला. वॉर्ड सहा पांढराफटक राहिला.

"सहामध्ये औषध तर सगळ्यांत जास्त आहे!" शर्वरी म्हणाली.

"आहे. पण अखंड आहे. ते कुणाच्या पोटातून गेलेलंच नाही."

बोरकुट्यांनी छोटा वाचक घेतला आणि वॉर्ड सहामधल्या चेंबरची झाकणं उघडत ते नालीच्या वरच्या अंगाला निघाले. शर्वरी सोबत होती, आणि बातमी कळताच आलेल्या रत्नमालाताईही पदर नाकाला लावून मागोमाग होत्या. प्रत्येक चेंबरला आकडा वाढत होता आणि रत्नमालाताईंची पावलं मंदावत होती. शेवटचं चेंबर त्यांच्याच अंगणात होतं.

मागच्या मोरीपाशी त्यांचा दीर प्रल्हाद बसला होता. भावाच्या मागे तो याच घरात राहत होता. शेजारी डबा, डब्यात फोडलेली पाकिटं. मोरीचं पाणी केशरी झालं होतं. तिघांना बघून तो ओशाळं हसला.

"भाऊजी," रत्नमालाताईंनी एक पाकीट उचलून पाहिलं. "तुमाले कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून, वहिनी. इथल्या दवाखान्यात नाव नको म्हणून गोळ्या तालुक्यावरून आणतो. पाटी हिरवी पायजे होती तवा बंद केल्या. आता लाल पायजे, त टाकतो." तो खोकला, बराच वेळ. "एकट्यानं खाऊन कितीक लाल होणार होतं? पाकीटच्या पाकीट टाकलं, तवा कुठं वॉर्ड पयला आला."

"काऊन पण? काऊन केलं असं?"

"दवाखाना येते ना," तो म्हणाला. "दादासाठी नाई झाला. निदान आता त होईन."

रत्नमालाताईंनी माठातून पाणी आणलं, डब्यात उरलेली एक गोळी काढून त्याच्यापुढे धरली. "खा. माझ्यासमोर गिळा. सन्मान गेला चुलीत."

शर्वरीने त्यांचा हात धरला. "ताई, थांबा. मधेच औषध तोडलं की जंतू त्याला जुमानेनासे होतात. या गोळ्या आता त्यांना लागू पडतील की नाही, ते आधी तपासावं लागेल."

"कुठं तपासते ते?"

शर्वरीने खाली बघितलं. "छातीच्या दवाखान्यात. म्हणजे जिल्ह्याला न्यावं लागेल."

रत्नमालाताईंनी गोळी डब्यात ठेवली आणि गाडी काढायला सांगितली. अंगणाबाहेर हार घातलेली पाटी होती: आदर्श वॉर्ड, क्रमांक सहा. गाडी मागे घेताना ती आडवी आली, म्हणून त्यांनी स्वतःच ती उचलून बाजूला ठेवली.