आजचा दर्या

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या माघारी येत होत्या, आणि त्या सगळ्या एकाच फोटोत बसवायच्या हट्टाने आफरीन एकेक पाऊल मागे सरकत होती. आणखी थोडं मागे... आणखी जरासं — आणि ती थेट बर्फाने भरलेल्या हातगाडीत बसली.

भुरभुरीत बर्फ ओढणीतून पाठीवर उतरला. 

"सावकाश उठा," कुणीतरी म्हणालं. "घाई नाही. बर्फ तसाही वितळणारच आहे."

तिने वर पाहिलं. गुडघ्यापर्यंत गमबूट, भुवईवर अडकलेला बर्फाचा कण, आणि हसू दाबायचा अगदीच कच्चा प्रयत्न.

"गाडी रस्त्यात लावलीत तुम्ही," ती म्हणाली.

"रस्ता नाही हा, धक्का आहे. इथे गाड्यांनीच उभं राहायचं असतं." त्याची नजर तिच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे गेली. "फोटो आला का पण?"

आला होता. तिरका, सगळ्या होड्या आभाळात चढायला निघाल्यासारख्या. त्याने तो लहानशा पडद्यावर पाहिला — एक फोटो पाहायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ.

"हाच ठेवा," तो म्हणाला, आणि गाडी ढकलत निघून गेला. नाव विचारायचं राहिलं. ते राहिलं, हे आफरीनला घरी जाताना रिक्षात कळलं, आणि कारण नसताना ती स्वतःवरच चिडली.

आफरीन रत्नागिरीतल्या राजिवड्याची. वडील होडीवर तांडेल होते, गुडघे गेल्यापासून घरीच. भाऊ मन्सूर कुवेतला. फोनवर मिळालेल्या थोड्या वेळात तो घरच्यांची खुशाली कमी विचारायचा आणि भाट्याच्या पुलावर काय चाललंय, कुणाची होडी लागली, कुणाचं लग्न ठरलं, हेच जास्त. त्यातून तिला आणि तिची मैत्रीण करुणा हिला वेबसाइट सुचली. नाव ठेवलं 'काजळीकाठ', भाट्याच्या पुलाखालच्या काजळी नदीवरून. मुंबईच्या पेपरांत रत्नागिरी आली तर वादळासाठी, नाहीतर आंब्याच्या भावासाठी. 'काजळीकाठ'वर ती रोज येऊ लागली. वीज कुठे गेली, एसटीची कुठली गाडी बंद झाली, दहावीला कोण पहिलं आलं, कोण वारलं. करुणाच्या भावाच्या सायबर कॅफेत मागच्या कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर, हेच त्यांचं ऑफिस. कधी फॉन्ट बिघडायचा आणि आखातातल्या लोकांना अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. मग तिथून ईमेल यायची — चौकोनांत काय लिहिलंय ते कळवा.

वाचक होते. पैसे नव्हते.

"लोकांच्या आशीर्वादावर सर्व्हर चालत नाही गो," करुणा म्हणाली. "जाहिराती आणायला हव्यात. बंदरावर अझीमशेठचा बर्फाचा कारखाना आहे, तिथून सुरुवात कर."

कारखान्याच्या दारातून पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत बाहेर येत होती. आफरीन आत शिरली तेव्हा तिला स्वतःचे पायच दिसेनात. ढगावर चालत असल्यासारखं वाटलं. आणि त्या ढगाच्या पलीकडे, लाकडी टेबलाशी, तोच गमबूटवाला बसलेला. अझीमशेठचा मुलगा. नाव जुनेद.

"फोटो छापलात तुम्ही," तो उठून उभा राहत म्हणाला. "बर्फाचं नाव नव्हतं पण खाली."

"बर्फाचं नाव यायला जाहिरात द्यावी लागते."

"बर्फाची जाहिरात? कुवेतचा माणूस इथे बर्फ घ्यायला येणार?"

"कुवेतच्या माणसाची होडी इथेच असते. बर्फ कुठून उचलायचा, ते तो फोनवर सांगतो."

हे जुनेदला सुचलं नव्हतं, आणि सुचलं नव्हतं हे त्याने लपवलंही नाही. मग त्याने विचारलं, "दर्याची बातमी देता तुम्ही?"

"होडी अडकली, कुणी बुडालं, तर देतो."

"ते त्याचं वाईट वागणं झालं. बाकीचे दिवस तो चांगला वागतो, त्याचं काय?"

जाहिरात मिळाली ती एका अटीवर. रोज सकाळी तो फोन करणार, दर्या कसा आहे ते सांगणार, आणि तिने ते एका ओळीत छापायचं.

सदराचं नाव 'आजचा दर्या'. पहिल्या सकाळी तो म्हणाला, "झोपलाय. अंगावरचं पांघरूण हलतंय, तेवढंच." दुसऱ्या दिवशी, "कुणाशी तरी भांडलाय, पण सांगत नाही." आफरीन रिसीव्हर खांद्यात धरून लिहून घ्यायची, आणि लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे पाणी हलायचं. लोकांना ती ओळ इतकी आवडली की निवडणुकीच्या बातमीआधी ती वाचू लागले. शारजातल्या एका नर्सने कळवलं, ड्युटीवर जायच्या आधी एवढं एक वाचते, मग दिवस बरा जातो.

हस्ताचा पाऊस पडून गेला. आभाळ धुतल्यासारखं झालं. जाहिरातीचा मजकूर बदलायचं निमित्त काढून आफरीन अधूनमधून बंदरावर जाऊ लागली. दोघं धक्क्याच्या टोकाशी उभी राहायची, किल्ल्याच्या बाजूने वारा यायचा, तिची ओढणी उडून त्याच्या मनगटाला लागायची आणि तो हात तसाच ठेवायचा... न हलवता, जणू त्यावर पाखरू बसलंय. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते त्याच्या बाजूने कळलंच नाही. ती मात्र अजून 'तुम्ही'च म्हणायची.

एका सकाळी फोनवर तो म्हणाला, "आज दर्यानं अबोली रंगाची ओढणी घेतलीय."

आदल्या संध्याकाळी तिने तीच घेतली होती. पेन थांबलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने छापलं, 'आज दर्या शांत आहे.'

दुपारी पुन्हा फोन. "संपादकांनी माझी बातमी कापली."

"खात्री करता आली नाही बातमीची."

"स्वतः येऊन बघायचं मग."

"बघितलं की पक्षपात होतो," ती म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ हसत राहिली. करुणाने कॉम्प्युटरवरून मान न वळवता विचारलं, "जाहिरातदार काय म्हणतायत?"

डिसेंबरातल्या एका दुपारी कारखान्यात बर्फाच्या मशीनचा अमोनिया वायू फुटला.

शेजारच्या शेडमध्ये बायका कोळंबी सोलत होत्या. आफरीन पोचली तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. काहींना दवाखान्यात नेलं होतं. मथुराबाई तिच्या ओळखीची. डोळे सुजून बंद झालेले.

"डोल्यात मिरची गेल्यासारा झाला गो," ती म्हणाली. "टोपल्या टाकून पलालाव आमी. वास तर आठवडाभर येत हुता. सांगितला हुता आमी."

जीव कुणाचा गेला नाही. संध्याकाळी अझीमशेठ स्वतः सायबर कॅफेत आले. पांढरा कुर्ता, थकलेला चेहरा. आवाज चढवला नाही त्यांनी. "बेटी, बाहेरच्या पेपरवाल्यांना पत्ता नाही. तू आपल्यातली. घरातलं भांडं फुटलं तर कुणी गावभर सांगतं का? वर्षभराची जाहिरात आगाऊ धर. फक्त हे राहू दे."

ते गेल्यावर करुणा एवढंच म्हणाली, "त्यांची गेली की बंदरावरच्या सगळ्यांची जाईल. मी तुला काही सांगत नाही. तू लिहिशील ते मी चढवीन."

आफरीन दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यावर गेली. मशीन बंद होतं, वाफ नव्हती. ती जागा अगदी साधी, उघडी वाटत होती. जुनेद पायरीवर बसला होता. डोळे लाल, दोन्ही हातांना पट्ट्या. गॅसमध्ये शिरून व्हॉल्व्ह त्यानेच बंद केला होता. ते हात पाहून तिला सगळं सोडून त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं. ती उभी राहिली.

"व्हॉल्व्ह गळतोय, हे माहीत होतं तुम्हाला?"

तो समुद्राकडे बघत राहिला. "होतं. अब्बा म्हणाले, सीझन संपू दे. मीही हो म्हटलं."

"हे लिहू?"

"नको म्हटलं तर?"

"तरी लिहीन..." ती म्हणाली. "पण हात थरथरेल."

त्याने मान हलवली. "लिही. माझं नाव घालून लिही."

तिने लिहिलं. मथुराबाईचं म्हणणं, जुनेदचं म्हणणं, दोन्ही जसंच्या तसं. अझीमशेठची जाहिरात त्याच दिवशी गेली. मागोमाग जाळीवाल्याची, डिझेलवाल्याची, लग्नाच्या हॉलची. सकाळचा फोन थांबला. 'आजचा दर्या' रिकामा राहिला. आफरीन एकदा मुद्दाम मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. पाणी होतं, लाटा होत्या, पण तो कसा आहे, हे तिला सांगता येईना.

महिना सरायच्या आत सर्व्हरची मुदत संपणार होती. करुणाने पहिल्या पानावर सरळ लिहून टाकलं — जाहिराती गेल्या, आणि का गेल्या, तेही. 'काजळीकाठ' हवा असेल तर वाचकांनी वर्गणी द्यावी. वर्गणीदाराची बातमीही जशी असेल तशीच छापली जाईल.

"शेवटचं वाक्य वाचून कोण देणार?" आफरीन म्हणाली.

पण दिली लोकांनी. मन्सूरने कुवेतला खोलीखोलीतून गोळा केली. शारजाची नर्स, गुहागरचे एक निवृत्त मास्तर, लांज्याचा काजूवाला. एक दिवस मथुराबाई शेडमधल्या बायकांना घेऊन आली आणि टेबलावर पदरातली गाठ सोडली. "आमाला वाचता येत न्हाय," ती म्हणाली, "पन आमचा लिवलंस तू." त्या गेल्यावर आफरीन रडली.

जानेवारीत एका दुपारी जुनेद कॅफेच्या दारात उभा होता. हातांच्या पट्ट्या गेल्या होत्या, नवी कातडी गुलाबी दिसत होती. तो आत आला आणि ग्राहकासारखा तिच्या समोरच्या खुर्चीवर बसला.

"मशीन बदललं," तो म्हणाला. "पूर्ण. तपासणीही झाली. बायकांचा दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. हे विचारून, पाहून मग छाप."

"पाहीन. जाहिरातीसाठी आलात?"

"नाही. जाहिरात आता कधीच नको." तो थांबला. "जाहिरातदार असताना एक गोष्ट विचारता येत नव्हती. तू हो म्हटलं असतंस, तर ते मला म्हटलंस की जाहिरातीला, हे मला जन्मभर कळलं नसतं. नाही म्हणायची तुला भीती वाटली असती. म्हणून रोज दर्याबद्दल बोलत राहिलो."

कोपऱ्यात करुणाच्या बोटांचा आवाज एकदम बंद झाला. ती उठली, "चहा सांगून येते," म्हणाली, आणि चहावाला दारात दिसत असताना त्याला ओलांडून पुढे निघून गेली.

"आणि आता वर्गणीदार होऊन विचारणार?" आफरीनने हळूच विचारलं.

"वर्गणी अजून भरली नाही. आधी विचारतो. तुझं उत्तर काहीही आलं, तरी मग भरतो."

"विचारा."

रोज समुद्राला नवे शब्द शोधणारा माणूस... त्याला आता एकही सापडेना. त्याने टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली. "सकाळी उठलो की तुलाच सांगावंसं वाटतं," तो अखेर म्हणाला. "काय दिसलं ते. सगळं. रोज. मधले इतके दिवस सांगता आलं नाही, तर मला काही दिसलंच नाही. निकाह करशील माझ्याशी?"

तिने विचारलं, "अझीमचाचा?"

"रागावलेत. पण वाचतात. काल विचारत होते, ही पोरगी कुणाला घाबरत नाही का. मी म्हटलं, घाबरते. मी पाहिलंय घाबरलेली. तरी लिहिते."

आफरीनने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी कीबोर्डवर पडू नये म्हणून तिने तो हलकेच बाजूला सरकवला. त्या रिकाम्या जागेत त्याचा गुलाबी कातडीचा हात होता. तिने त्यावर आपला हात ठेवला — दुखणार नाही इतक्या बेताने.

"अम्मीला भेटायला लागेल तुला," ती म्हणाली.

त्याने चमकून वर पाहिलं. 'तुला' म्हटली होती ती.

"आत्ता जाऊ?"

"आत्ता अम्मी मासे साफ करत असेल. उन्हं कलली की, असरच्या नमाजानंतर जा. मी पुढे जाऊन सांगते."

"मग तोवर मी काय करू?"

"बस इथेच," आफरीन म्हणाली, आणि हात काढून न घेता दुसऱ्या हाताने त्याच्यासाठी वर्गणीचं पान उघडलं.