शेराला शेर

बळी अकरा बरण्यांत होता आणि अजून बुडबुडत होता.

चामराजपेटेतल्या त्या काळवंडलेल्या स्वयंपाकघरात खासगी गुप्तहेर त्रिविक्रमराव सुतकी चेहऱ्यानं उभे होते. त्यांचा सहकारी दामोदर पुरावा चाखत होता. कैरीचा साखरांबा पार आंबला होता. पण तिसऱ्या चमच्यानंतर दामोदरला तो आवडायला लागला.

"साखर चोरली हिनं," चंद्राबाई म्हणाल्या. "तीस वर्षांत माझा साखरांबा कधी फसफसला नाही. यंदा गुडघे धरले म्हणून सुनेकडे दिला, तर हे."

सून विमला दाराशी स्वतःच्या ट्रंकेवर बसली होती. संध्याकाळी भाऊ तिला बेळगावला न्यायला येणार होता, चोर म्हणून, कायमची. तिचा नवरा जयतीर्थ याला आईपुढे तोंड उघडायची छाती नव्हती, म्हणून त्यानं गुप्तहेर आणला होता.

"कृती काय सांगितलीत?" त्रिविक्रमरावांनी विचारलं.

"शेराला शेर. शेरभर कीस, शेरभर साखर. सासूबाईंपासून असंच."

"आणि विमलाबाई, तुम्ही?"

"शेर सापडला नाही. मामंजींनी आणलेल्या तराजूत तोललं. नऊशे तेहतीस ग्रॅम कीस, नऊशे तेहतीस ग्रॅम साखर. असं बारा वेळा."

"चोर एवढे नेमके असतात," दामोदर म्हणाला.

विमलाची नजर चुलीवरच्या भिंतीकडे गेली आणि खाली वळली. काजळलेल्या भिंतीवर वहीच्या पानाएवढा एक चौकोन स्वच्छ होता, कोपऱ्यांत वाळलेली खळ. देवाची तसबीर उतरवली असेल, असं समजून दामोदरनं चौकोनाला नमस्कार केला.

सासरे रघुपतीराव बाहेरच्या खोलीत होते. निवृत्त हेडक्लार्क. घरातही कोट, गळ्यापर्यंत बटणं. टेबलावर पितळी डब्यात पेन्सिली.

"डबा ऐसपैस आहे," त्रिविक्रमराव म्हणाले.

"जुना आहे. आता किलो आले. साऱ्या गल्लीला किलो मीच शिकवले."

"साखरांब्याचं काय?"

"ते बायकांचं. चाळीस वर्षं नोकरी केली, एक आकडा चुकला नाही माझा."

त्रिविक्रमरावांनी पेन्सिली ओतल्या आणि डबा घेऊन सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. विमलाला दोन-तीन तोतापुरी कैऱ्या किसायला लावल्या. डबाभर कीस एका पारड्यात, डबाभर साखर दुसऱ्यात. साखरेचं पारडं धाडकन खाली बसलं.

"हाच तुमचा हरवलेला शेर. चंद्राबाई, तुमचा शेर मापाचा. कीस भुसभुशीत, साखर ठासून बसते. मापानं शेराला शेर म्हणजे वजनानं साखर जवळजवळ दीडपट. हिनं दोन्ही वजनानं सारखी घेतली. साखर कमी पडली, साखरांब्याची दारू झाली. दामोदरकडे बघा."

दामोदर पुन्हा चौकोनाला नमस्कार करत होता.

"म्हणजे चोरी नाही?" जयतीर्थनं विचारलं.

"एक आहे. नऊशे तेहतीस हा आकडा स्वयंपाकघरातला नाही, कचेरीतला आहे. तो भिंतीवरच्या कागदावर होता. सून सासऱ्याचं नाव घेणार नाही, हे कागद काढणाऱ्याला ठाऊक होतं. रघुपतीराव, कोटाची बटणं काढता?"

कोटातून चार घड्यांचा तक्ता निघाला. वळणदार अक्षर: '१ शेर = ९३३ ग्रॅम. कोणताही पदार्थ.'

"बरण्या फसफसल्या त्याच दिवशी कळलं मला," रघुपतीराव म्हणाले. "मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा."

"अण्णा, ती कायमची गेली असती," जयतीर्थ म्हणाला.

"सून समजूत घालून परत आणता आली असती. गेलेलं नाव नसतं आलं."

चंद्राबाई बरण्यांकडे बघत राहिल्या. विमला उठली, तिनं टेबलावरची एक पेन्सिल आणली.

"मामंजी, खाली लिहा. शेर दोन असतात. सही करा, तारीख घाला."

त्यांनी घातली. विमलानं तक्ता ट्रंकेत ठेवला आणि कडी लावली.

"आता जाते. चोर म्हणून नाही, माझी मी. स्वल्प दिवस."

"स्वल्प म्हणजे किती?" जयतीर्थनं विचारलं.

"मापानं सांगू, की वजनानं?"

अकराव्या बरणीत एक बुडबुडा फुटला.