चौथी टिक

दार उघडलं तेव्हा पायरीवर निळ्या डगल्यातला एक तरुण उभा होता. केसांवर भुरभुर पावसाचे मणी, हातात पाना, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की जणू आग विझवायलाच धावत आलाय.

"आत्ताचा तो धमाका... तुमच्याकडचाच ना?"

"बॉयलर," हेस्टर म्हणाली. "रोज नाही होत. पण झाला की असाच."

"मी शेजारच्या घरी बॉयलरच तपासत होतो. मधली भिंत हादरली हो! फडताळातल्या बश्या वाजल्या." त्यानं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "जॉस मिजली. गॅसचं काम करतो. बघू का जरा?"

हेस्टरनं ते ओळखपत्र हातात घेऊन नीट वाचलं. नाव, क्रमांक, मुदत. मग उलटं केलं.

"मागेही वाचणार?"

"मागेच तर लिहितात, कुठली कामं करायची परवानगी आहे ते."

"आणि... आहे?"

"आहे," ती म्हणाली. तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित जास्त बारीक होत होता. तेही तिनं वाचलं.

तेवढ्यात आतून हाक आली. "हेस्टर! थांबव त्याला! दोनच मिनिटं!" मागचं दार करकरलं, घाईघाईची पावलं वाजली, कसलं तरी ओझं जिन्याखालच्या कपाटात कोंबल्याचा आवाज झाला.

"मावशी घर आवरतेय," हेस्टर ओशाळून म्हणाली.

"माझ्यासाठी?"

"कुणासाठीही. बिशप येवो नाहीतर गॅसवाला, आमच्याकडचा पसारा अजून कुणी पाहिलेला नाही."

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात चढावरच्या रांगेतलं हे घर एनिडमावशीचं. हेस्टर तिच्या बहिणीची मुलगी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती हॅलिफॅक्सच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली आणि मार्चमध्ये इथे राहायला आली. शनिवारी काम असायचं, त्याबदल्यात बुधवारी अर्धी सुट्टी. आज बुधवारच होता.

जॉसनं स्वयंपाकघरातल्या, सगळं घर तापवणाऱ्या बॉयलरचं झाकण काढलं, गॅसचा दाब मोजला. मग बाहेरच्या बोळात जाऊन भिंतीतून निघालेल्या धुराच्या नळीचं तोंड पाहिलं. मोकळं होतं. परत येऊन त्यानं बॉयलर दहा वेळा पेटवला. दहाही वेळा एकच बारीक टिक झाली आणि ज्योत मांजरासारखी गुरगुरत पसरली.

"लाजतोय मेला तुला बघून," मावशी म्हणाली.

"उलट व्हायला हवं, मावशी. मला बघून लोकांना घाम फुटतो."

"धमाका नेमका का होतो?" हेस्टरनं विचारलं.

"टिक म्हणजे ठिणगी. ठिणगी पडायला लागते तसा गॅसही यायला लागतो. पहिल्या टिकेला पेटला तर थोडासाच पेटतो, आवाज नाही. नाही पेटला, तर दुसऱ्या टिकेपर्यंत साठतो... तिसऱ्यापर्यंत साठतो... आणि मग साठलेला सगळा एकदम."

"म्हणजे जितका उशीर, तितका आवाज मोठा."

झाकणाचे स्क्रू आवळणारा त्याचा हात थांबला. "हो," तो हळूच म्हणाला. "हेच लोकांना समजवायला मला पाव तास लागतो."

हेस्टरनं ओट्यावरची वही उघडून त्याच्यासमोर धरली. तारीख, वेळ, किती टिका, हवामान. ऑक्टोबरपासून सहा धमाके. बहुतेक चौथ्या टिकेनंतर.

"सगळे बुधवारी नाहीतर रविवारी," जॉस म्हणाला.

"त्यावर विसंबू नका. मी त्याच दोन दिवशी दुपारी घरी असते. बाकीच्या दिवशी झाले तरी मला कळणार नाही आणि मावशीला कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं," मावशी म्हणाली. "धमाका ऐकायला कान कशाला लागतात, खुर्चीच हलते की!"

जाताना त्यानं बजावलं, "पुन्हा वाजला की लगेच बंद करायचा आणि आमच्या कचेरीत फोन करायचा. थंडी वाजली तरी चालेल, पण वाजणारा बॉयलर चालू ठेवायचा नाही." दारात तो किंचित रेंगाळला. "आणि वही... लिहीत राहा."

रविवारी बॉयलर पुन्हा वाजला. हेस्टरनं बंद केला. कचेरीनं बुधवारची वेळ दिली, दुपारी चार.

बुधवारी साडेतीनलाच मावशीनं घर आवरायला घेतलं. जॉसनं यावेळी ठिणगी पाडणारी काडी बदलली, बर्नर ब्रशनं साफ केला. हेस्टर विजेरी धरून उभी होती. त्याला हवा तिथे उजेड पाडायचा तर त्याच्या खांद्याशी वाकायला लागत होतं. त्याच्या डगल्याला धातूचा आणि पावसाचा वास होता.

"विजेरी हलतेय," तो मान न वळवता म्हणाला.

"हात गारठलाय."

"हो का? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. हात गारठलाय."

मग चहा झाला. मावशीनं आल्याचा काळा केक कापला, तो जॉसनं दोनदा मागून घेतला. बोलता बोलता कळलं की गावाच्या ब्रास बँडमध्ये तो सगळ्यात मोठं वाद्य वाजवतो, सगळ्यात मागे बसून. हेस्टरनं विचारलं की एवढी मोठी नळी पहिल्या फुंकरीला वाजते का. तो विचारात पडला. म्हणाला, "नाही. जरा उशीर होतो. म्हणून मला इतरांच्या आधी फुंकावं लागतं." असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, हे त्यानं यावेळी बोलून दाखवलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं.

बॉयलर पुन्हा दहा वेळा पेटला. आवाज नाही.

"कारण सापडेपर्यंत मी येत राहणार," उठताना जॉस म्हणाला. "अर्धवट काम राहिलं की मला झोप लागत नाही."

"आणि सापडलं की?" हेस्टरनं विचारलं.

तो पायात बूट घालत होता. नाडी बांधायला वाजवीपेक्षा जास्त वेळ लागला. "सापडलं की... काम बंद. कागदावर सही."

रविवारी पुन्हा धमाका. चार टिका. बॉयलर बंद.

नोव्हेंबर सरत आला होता. डोंगराचा माथा धुक्यात गेला की दुपारी तीनलाच दिवे लावावे लागत. मावशी घरात कोट आणि लोकरी टोपी घालून बसायची, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. सोमवारी विणकामाच्या सुया हातात घेतल्या आणि बराच वेळ तशाच धरून बसली. मग खाली ठेवल्या.

"काय झालं गं?"

"बोटं ऐकत नाहीत. राहू दे. बुधवारी येतोय ना तुझा तो."

"माझा तो कसला, मावशी! गॅसवाला आहे."

"गॅसवाला तर गॅसवाला. मी कुठे बिशप म्हटलं?"

बुधवारी हेस्टर दोनला घरी आली. चारपर्यंत घर थोडं तरी उबदार व्हावं म्हणून आणि टिका मोजाव्यात म्हणूनही, तिनं बॉयलर सुरू केला. पहिल्या वेळी नीट पेटला. थोड्या वेळानं स्वतःहून थांबला. मग पुन्हा पेटायला गेला. टिक. टिक. टिक. टिक... धडाम! तिनं झडप घालून बंद केला.

"धुणं काढ गं!" वरून मावशी ओरडली. "पोरगा येईल एवढ्यात!"

हेस्टर टोपली घेऊन बोळात गेली. दोरीवरून मावशीच्या त्या अवाढव्य, गुलाबी फुलांच्या चड्ड्या काढल्या, मग गुडघ्याला ठिगळ लावलेला स्वतःचा पायजमा. हे कुणी पाहिलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं नेहमीप्रमाणे तिच्या मनात आलं. शेवटी मोठा पांढरा टॉवेल. तो ओढताना तिचा हात थबकला.

टॉवेल कोमट होता. आणि सकाळी पिळून टाकला तितकाच ओला.

टॉवेलच्या मागे वीतभर अंतरावर धुराच्या नळीचं गोल तोंड होतं. ऊब आयतीच येते म्हणून मावशीनं तिथेच दोरी बांधली होती. ऑक्टोबरात गारठा पडला तशी दोघी तिथेच धुणं घालायला लागल्या. बुधवारी आणि रविवारी... आणि रसायनशास्त्राची पदवी असलेल्या बाईला एकदाही सुचलं नव्हतं की गॅस जळला की पाणी तयार होतं. नळीतून येते ती ओलीच वाफ, तिच्यात कपडे काय डोंबल वाळणार! आणि त्याच तोंडाच्या बाहेरच्या कड्यातून बॉयलर हवा आत ओढतो. समोर ओला टॉवेल असला की स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा आत. अशा हवेत ठिणगी पडत राहते, गॅस पेटत नाही.

ती आत धावली. बॉयलर पेटवला. एक टिक. बंद करून पुन्हा पेटवला. एक टिक. तिसऱ्यांदा... एकच.

टोपली कमरेवर घेऊन ती तशीच उभी राहिली. तो या घरी येतोय म्हणून तिनं आणि मावशीनं दर वेळी पुरावाच उचलून कपाटात कोंबला होता! प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला सात जन्म ऐकवलं असतं.

घड्याळात पावणेचार झाले होते.

टोपली जिन्याखाली सरकवायची, एवढंच. तो येईल, दहा वेळा पेटवेल, मान हलवेल. चहा, केक, विजेरी. पुढचा बुधवार. हा विचार इतका सहज आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. कारण सापडलं की काम बंद, कागदावर सही.

जिन्यावरून मावशी उतरत होती. एका हातानं कठडा धरून, दुसरा हात कोटाच्या बाहीत ओढून घेतलेला.

हेस्टर वळली आणि परत बोळात गेली.

"अगं, काय करतेस?" मावशी मागच्या दारात येऊन किंचाळली. "परत वाळत घालतेस? पोरगा येतोय! माझ्या त्या... त्यासुद्धा?"

"त्यासुद्धा, मावशी. होत्या तशा."

"चाळीस वर्षांत कुणी पाहिल्या नाहीत गं!"

"म्हणूनच तर सापडत नव्हतं."

जॉस आला तेव्हा हेस्टरनं त्याला बॉयलरकडे नेलंच नाही. थेट बोळाच्या दारात उभं केलं. गुलाबी फुलं वाऱ्याविना लोंबकळत होती. ठिगळाचा पायजमा होता. पांढरा टॉवेल नळीच्या तोंडासमोर पडद्यासारखा.

तिचे कान तापले होते, पण आवाज सरळ होता. "तुम्ही यायच्या आधी दर वेळी आम्ही हे काढून ठेवत होतो. चूक आमची आहे."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. खाली वाकून त्यानं टॉवेल आणि नळीचं तोंड यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. तिथली हवा मोजायला उपकरणाची सळई धरली आणि तिला बॉयलर पेटवायला सांगितलं. दोनदाच पेटवला. दुसऱ्यांदा चौथ्या टिकेला घर हादरलं. मग त्यानं टॉवेल काढला. एक टिक. गुरगुर.

"दोरी मला दिसली होती," तो म्हणाला. "रिकामी. रिकाम्या दोरीला कोण प्रश्न विचारतं?" मग हळूच, "तुम्ही नुसती दोरी हलवली असती तरी भागलं असतं. मला दाखवायची काय गरज होती?"

"तुम्हाला झोप लागली नसती."



त्यानं स्वतःच दोरी सोडून बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला बांधली, मावशीचं धुणं एकेक चिमटा लावून तिकडे वाळत घातलं. मावशी दारात तोंडावर पदर घ्यावा तशी शाल घेऊन उभी होती, पण हटली नाही. रेडिएटर टकटक करत तापायला लागले. कागद आला. कारण, उपाय, वेळ: चार वाजून पस्तीस मिनिटं. हेस्टरनं सही केली. सही करताना अक्षर जरा वाकडं आलं.

"झालं तर मग," ती म्हणाली.

"झालं." त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, पेटी उचलली, पुढच्या दारापर्यंत गेला. पायरीवर उतरला. भुरभुर पाऊस होताच. मग तो वळला.

"कचेरीचा एक नियम आहे," तो म्हणाला. "काम चालू असेपर्यंत ज्यांच्या घरी जातो त्यांना... म्हणजे कामाखेरीज काही... विचारायचं नाही. मला तो नियम पटतो. कुणाच्या घरात पाना घेऊन उभं राहून असलं काही विचारू नये."

"बरोबर आहे," हेस्टर म्हणाली.

"म्हणून मी दोन आठवडे देवाला म्हणतोय, सापडू दे बाबा कारण." त्यानं खिशावर हात ठेवला. "चार पस्तीसला काम बंद झालं. आता चार एकेचाळीस."

म्हणजे ती टोपली लपवणार होती तेव्हा तो कारण सापडायची वाट बघत होता... नाही, लपवली नव्हती. हेस्टरनं दाराची चौकट धरली.

"शनिवारी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. तुमचं काम संपल्यावर, सहाला. मी मागे असतो, दिसणार नाही कदाचित, पण..." तो अडखळला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडखळला. "म्हणजे जर तुम्हाला... तुला..."

"येईन," हेस्टर म्हणाली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच.

त्याचा डावा डोळा हळूहळू बारीक झाला.

"पहिल्याच टिकेला?" तो म्हणाला.

"साठवून ठेवू नये म्हणतात."

आतून मावशीचा आवाज आला, सुयांच्या खटखटीसकट. "दार लावा रे! एकतर त्याला आत घे, नाहीतर तू बाहेर जा. आत्ता कुठे घर तापायला लागलंय!"

हेस्टरनं मागे वळून खुंटीवरचा कोट काढला आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.